एका इंजेक्शनची वंशावळ

मागच्या हिवाळ्यात सोलापूरला भाचीकडे गेलो होतो. पाण्यासाठी फ्रीज उघडला, तर दाराच्या कप्प्यात अंड्यांच्या बाजूला, झिपच्या पिशवीत जाड पेनासारखे काहीतरी ठेवलेले दिसले. आमच्या घरात इन्सुलिनचे पेन असतेच, म्हणून सहज विचारले, "शुगर कुणाला निघाली गं?" ती जरा गप्प झाली. मग हळू आवाजात म्हणाली, "शुगर नाही मामू. ते माझं आहे. बाळासाठी."

तिच्या लग्नाला सात वर्षे झाली. या सात वर्षांत दर्ग्याच्या जाळीला बांधलेले धागे झाले, हकिमाच्या पुड्या झाल्या, पुण्यातले मोठे डॉक्टर झाले. दोष कुणात आहे हे तपासण्याआधीच बोल तिच्यावर आला होता, हे वेगळे सांगायला नको. आता डॉक्टरांनी रोज रात्री ठरल्या वेळी पोटात टोचून घ्यायचे इंजेक्शन दिले होते. आणि घरात त्यावरून एक नवाच पेच उभा राहिला होता. खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर ‘चायनीज हॅमस्टर ओव्हरी’ असे तीन शब्द होते. ते कुणीतरी तिच्या सासूबाईंना वाचून दाखवले आणि त्यांनी मोबाइलवर हॅमस्टरचे चित्र पाहिले. भाचीने मला विचारले, "हे उंदरापासून काढतात का मामू? अम्मी विचारतात, आपल्यात चालतं का?"

मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. घरी परतल्यावर त्या तीन शब्दांच्या मागे लागलो. वाचत गेलो तसे लक्षात आले की, हॅमस्टर हा या औषधाच्या कुळातला अगदी अलीकडचा नातेवाईक आहे. त्याच्या आधी या वंशावळीत गाभण घोड्या आहेत, मेलेली माणसे आहेत, रोमच्या आसपासच्या वृद्ध नन आहेत आणि एका पोपचा पुतण्याही आहे. मूल न होणाऱ्या बाईला काय द्यायला हवे, हे विज्ञानाला फार लवकर कळले होते. ते आणायचे कुठून, या प्रश्नातच पुढची साठ-पासष्ट वर्षे गेली.

आधी शरीरातली गोष्ट थोडक्यात सांगतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी नावाची ग्रंथी असते. ती दर महिन्याला रक्तात एक हार्मोन सोडते. त्याचे लांबलचक नाव फॉलिकल स्टिम्युलेटिंग हार्मोन, म्हणजे एफएसएच. अंडाशयातल्या बीजांना तो वाढायला लावतो. बीज पिकले की एलएच नावाचा दुसरा हार्मोन त्याला बाहेर काढतो. पाळी कायमची गेल्यावर अंडाशय या हाकेला उत्तर देईनासे होते. मग पिट्युटरी आवाज चढवते आणि एफएसएच कितीतरी पटीने वाढतो. हा सगळा हार्मोन वाया जातो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. साठीतल्या बाईच्या लघवीत तरुण बाईपेक्षा जास्त एफएसएच असतो, तो यामुळे. या कहाणीत ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचे सगळे उलगडते.

सुरुवात बर्लिनमध्ये झाली. शारिटे रुग्णालयातील सेल्मार अशहाइम आणि बेर्नहार्ड झोन्डेक यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, गरोदर बाईच्या लघवीत अंडाशयाला चेतवणारे द्रव्य असते. ती लघवी कोवळ्या उंदरीणीला टोचली तर तिचे अंडाशय दोन-चार दिवसांत बदलते. गरोदरपणाची पहिली खात्रीशीर चाचणी यातूनच निघाली. १९३३ साली हिटलर आला. हे दोघेही यहुदी. झोन्डेक यांची नोकरी गेली, ते स्टॉकहोममार्गे जेरुसलेमला पोहोचले. अशहाइम पॅरिसला गेले. जर्मनीने आपल्या हाताने घालवलेल्या ज्ञानाची यादी फार लांब आहे, त्यात हेही एक पान.

शेजारच्या नेदरलँड्समध्ये तोवर ऑर्गनॉन या कंपनीसाठी गरोदर बायकांकडून लघवी गोळा करण्याचे काम सुरू झाले होते. ‘माता मातांसाठी’ अशा अर्थाच्या डच नावाची ही योजना १९३१ पासूनची. घरी बाटल्या पोहोचवायच्या, भरल्या की घेऊन जायच्या. स्वतःला दिवस गेलेत म्हणून ज्यांना नाहीत त्यांच्यासाठी काही द्यायचे, ही कल्पनाच मला हलवून गेली. त्या लघवीतून एचसीजी नावाचा हार्मोन मिळे. तो बीज सोडवण्याच्या कामाचा आहे, वाढवण्याच्या नाही. वाढवणारा एफएसएच अजून हाती नव्हता.

तो घोडीत सापडेल असे काही काळ वाटले. १९३० साली कॅलिफोर्नियात कोल आणि हार्ट या संशोधकांना गाभण घोडीच्या रक्तद्रवात तसाच परिणाम करणारे द्रव्य मिळाले. औषध बाजारात आले, पण बाईच्या शरीराने ते परके म्हणून ओळखले. दोन-तीन वेळा दिल्यावर शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत आणि औषध निकामी ठरे. माणसाला माणसाचाच हार्मोन लागणार, हा धडा घोडीने दिला.

मग माणसाचा हार्मोन मिळवायचा तर कुठून? स्वीडनच्या कार्ल गेम्झेल यांनी सरळ उत्तर शोधले. शवविच्छेदनाच्या टेबलावरून. मृतांच्या पिट्युटरी ग्रंथी काढून त्यांनी त्यातून एफएसएच वेगळा केला. १९५८ साली त्यांनी प्रसिद्ध केले की, पाळीच न येणाऱ्या बायकांमध्ये या अर्काने बीज सुटते. पुढच्या काही वर्षांत बाळेही जन्मली. मेलेल्या माणसाच्या डोक्यातून काढलेल्या थेंबांनी नवा जीव जन्माला यावा, हे तेव्हा चमत्कारासारखे वाटले असणार.

त्या चमत्काराची किंमत ऑस्ट्रेलियात कळली. तिथे १९६७ पासून १९८५ पर्यंत मृतांच्या पिट्युटरीपासून बनवलेले हे औषध सरकारी योजनेतून दीड हजारांवर बायकांना दिले गेले. त्या ग्रंथींपैकी काही अशा मृतांच्या होत्या, ज्यांच्या मेंदूत क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा रोग लपलेला होता. हा रोग मेंदूची अक्षरशः चाळण करतो, वर्षानुवर्षे गप्प राहतो आणि एकदा उठला की त्यावर इलाज नाही. मूल हवे म्हणून इंजेक्शन घेतलेल्या बायकांपैकी चौघी पुढे या रोगाने गेल्या. ज्यांनी हे औषध घेतले आणि ज्या आज धडधाकट आहेत, त्यांनाही आयुष्यभर ही टांगती तलवार घेऊन जगावे लागले. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारला चौकशी बसवावी लागली. वाढ खुंटलेल्या मुलांना दिल्या जाणाऱ्या पिट्युटरीच्याच दुसऱ्या हार्मोनमुळे अमेरिकेत मृत्यू झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले आणि मृतांच्या ग्रंथींचा हा मार्ग जगभर बंद होत गेला.

ननांची लघवी

दुसरा मार्ग रोमहून निघाला होता. तो ऐकायला जरा गमतीचा आहे, पण सर्वांत जास्त बाळे याच वाटेने आली.

रोममधल्या सेरोनो कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ पिएरो दोनिनी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून एफएसएच आणि एलएच वेगळे काढण्याची रीत बसवली. अशा कामाची रीत साधारण अशी असे: लघवीत काओलिन, म्हणजे चिनी माती, कालवायची. हार्मोन मातीला चिकटतो. मग अमोनियाने तो मातीपासून सोडवायचा आणि अ‍ॅसिटोन घालून साका खाली बसवायचा. दोनिनींनी मिळवलेल्या भुकटीला ‘पर्गोनाल’ असे नाव दिले. शोधनिबंध छापला गेला आणि जवळपास दहा वर्षे धूळ खात पडला. औषध होते, पण ते कशाला वापरायचे हे विचारायला कुणी आले नाही.

विचारायला आले ते ब्रुनो ल्युनेनफेल्ड. व्हिएन्नात जन्मलेला, लहानपणीच नाझींमुळे देश सोडावा लागलेला हा यहुदी तरुण जिनिव्हात याच विषयावर संशोधन करत होता. पाळी गेलेल्या बाईच्या लघवीतला हार्मोन मूल न होणाऱ्या बाईला देता येईल, अशी त्याची खात्री झाली होती. चाचण्या सुरू करायच्या तर शेकडो वृद्ध बायकांची रोजची लघवी हवी होती. १९५७ च्या सुमारास तो सेरोनोच्या संचालकांसमोर उभा राहिला. त्याने स्वतः पुढे सांगितलेल्या हकिकतीनुसार, संचालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नकार दिला. आपली कंपनी औषधांची आहे, लघवीची नव्हे, असा एकूण सूर होता. तो हिरमुसून बाहेर पडला.

या कंपनीत व्हॅटिकनचा मोठा हिस्सा होता आणि त्या वतीने संचालक मंडळावर जुलिओ पाचेल्ली हे गृहस्थ होते. तत्कालीन पोप बारावे पायस यांचे सख्खे पुतणे. ल्युनेनफेल्डशी त्यांची ओळख झाली, त्याचे म्हणणे त्यांना पटले आणि पुढच्या बैठकीत तेच म्हणणे पाचेल्ली यांनी मांडले. शेवटी त्यांनी एक वाक्य जास्तीचे जोडले, त्याचा आशय असा की, माझे काका वृद्धाश्रमांतल्या ननांना या पवित्र कामासाठी रोज लघवी जमा करायला सांगणार आहेत. मंडळाने लगेच पैसे मंजूर केले. तेच म्हणणे एका निर्वासित तरुणाने मांडले तेव्हा ते घाण होते आणि पोपच्या पुतण्याने मांडले तेव्हा पवित्र झाले! आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत बसलेल्या माणसाला हे नवीन वाटणार नाही.

नन निवडण्यामागे श्रद्धेपेक्षा हिशेब जास्त होता. त्यांची पाळी गेलेली, त्या एकत्र राहणाऱ्या, शिस्तीच्या, आणि त्यांच्यातली कुणी गरोदर असण्याची शक्यता नाही. एकीची जरी गरोदरपणाची लघवी मिसळली तर एचसीजीमुळे पूर्ण घाण्याचे गणित बिघडे. एका बाईच्या एका उपचाराला दहा ननांची दहा दिवसांची लघवी लागते, असा हिशेब तेव्हा सांगितला जाई. टाकीच्या गाड्या मठांतून भरून कारखान्याकडे जात. १९६२ साली इस्रायलमध्ये, तेल हाशोमेरच्या रुग्णालयात या उपचाराने गर्भ राहिलेल्या बाईला पहिली मुलगी झाली. कॅथलिक ननांच्या लघवीतून, यहुदी डॉक्टरच्या हातून. त्या ननांपैकी एकीचेही नाव कुठल्या शोधनिबंधात मला सापडले नाही. बाटलीवर नाव असण्याचे कारणच नव्हते. आयुष्यात मूल न होऊ देण्याची शपथ घेतलेल्या या बायका किती मुलांच्या जन्माला कारण झाल्या, हे त्यांना कुणी सांगितले की नाही देव जाणे.

कोलकात्याचा माणूस

इथे एक आपल्या देशातली गोष्ट सांगायलाच हवी, कारण या औषधाच्या इतिहासात ती बहुतेक वेळा गाळली जाते.

जुलै १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी आधी लघवीपासून काढलेल्या हार्मोननी बीजे वाढवून पाहिली होती. गर्भ टिकेना, म्हणून त्यांनी ती वाट सोडली आणि निसर्गाने त्या महिन्यात दिलेल्या एकुलत्या एका बीजावर काम केले. अवघ्या ७० दिवसांनी, ३ ऑक्टोबरला कोलकात्यात दुसरी मुलगी जन्मली. तिच्यामागे होते डॉ. सुभाष मुखर्जी. हार्मोन मोजण्याच्या पद्धतींवर त्यांनी एडिनबराला पीएचडी केली होती, म्हणजे या द्रव्याची नाडी त्यांना नेमकी ठाऊक होती. त्यांनी ननांच्या कुळातलेच, पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढलेले औषध देऊन एकाहून जास्त बीजे वाढवली. भ्रूण तयार केले, ते गोठवले, आणि ५३ दिवसांनी, म्हणजे आईचे शरीर हार्मोनच्या माऱ्यातून सावरल्यावर, गर्भाशयात ठेवले. एडवर्ड्स जिथे अडले होते, तिथून मुखर्जींनी वाट काढली होती.

राज्य सरकारने समिती नेमली. समितीने त्यांचे म्हणणे खोटे ठरवले. परदेशात जाऊन आपले काम मांडायची परवानगी त्यांना मिळाली नाही. १९८१ मध्ये त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली. हार्मोनच्या माणसाला डोळ्यांकडे! त्याच वर्षी १९ जूनला त्यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत नॉरफोकला हॉवर्ड आणि जॉर्जियाना जोन्स या दांपत्याने पर्गोनाल वापरून त्या देशातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्माला आणले आणि हार्मोन देऊन बीजे वाढवण्याची रीत जगाने डोक्यावर घेतली.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ ला डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मलेल्या मुलीला देशाने पहिली मानले. त्या कामात परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार बरोबरीचे भागीदार होते. याच आनंदकुमारांनी १९९७ मध्ये मुखर्जींची कागदपत्रे वाचली आणि जाहीरपणे सांगितले की, पहिला मान माझा नाही, त्यांचा आहे. स्वतःच्या नावावरचा पहिलेपणा असा काढून देणारे लोक आपल्याकडे फार थोडे. डॉक्टरसाहेबांना त्यासाठी मी मनातून सलाम केला.

पुरेना

टेस्ट ट्यूबचा उपचार जगभर पसरला आणि लघवी कमी पडू लागली. १९८० च्या दशकात रोज हजारो लिटर लागायला लागली. इटलीच्या नन केव्हाच पुरेनाशा झाल्या होत्या. देशोदेशी जमा करणारे नेमावे लागले. घाण्याघाण्यात फरक पडे. आलेल्या भुकटीत कामाचा हार्मोन पाच टक्क्यांहूनही कमी, बाकी लघवीतली इतर प्रथिने. म्हणून ते औषध कंबरेच्या स्नायूत खोल टोचावे लागे, दुखे, गाठ येई, आणि रोज कंपाउंडरकडे जावे लागे. खेड्यातल्या बाईने रोज संध्याकाळी तालुक्याला कसे यायचे आणि घरी काय सांगून यायचे, हा विचार त्या भुकटीत नव्हता.

औषधाची ताकद मोजायची तर ती उंदरीणीच्या अंडाशयाचे वजन किती वाढले यावरून मोजत. म्हणजे कुपीवर लिहिलेले ७५ युनिट हे शेवटी काही उंदरीणींच्या पोटातून आलेले असत.

इन्सुलिनने तोवर रस्ता दाखवला होता. माणसाचे जनुक जिवाणूत घालून इन्सुलिन बनवता येते, हे १९७८ ला सिद्ध झाले आणि १९८२ ला ते औषध बाजारात आले. मग एफएसएच का नाही? कारण तो साधा नाही. तो दोन वेगळ्या साखळ्यांचा जोड आहे, एक ९२ अमिनो आम्लांची, दुसरी १११ ची. आणि दोन्ही साखळ्यांवर शर्करेचे फांद्यांसारखे गुच्छ लटकलेले असतात. हे गुच्छ नसतील तर हार्मोन रक्तात टिकत नाही, शरीर त्याला पटकन गाळून टाकते. इन्सुलिन बनवणाऱ्या साध्या जिवाणूला हे गुच्छ लावता येत नाहीत. त्यासाठी सस्तन प्राण्याची पेशी हवी, तीही बाटलीत न कंटाळता वाढणारी.

ती पेशी चीनहून आली होती. चीनच्या रानातला हा छोटा हॅमस्टर तिथल्या संशोधकांनी १९१९ पासून प्रयोगात वापरला, पुढे काळ्या आजाराच्या संशोधनात त्याचा फार उपयोग झाला. डिसेंबर १९४८ मध्ये माओची फौज जवळ येत होती. रॉकफेलर फाउंडेशनचे डॉ. रॉबर्ट वॉटसन यांनी चिनी सहकारी डॉ. हू यांच्याकडून दहा नर आणि दहा माद्या घेतल्या, खोक्यात भरल्या आणि शांघायहून सुटणाऱ्या अखेरच्या विमानांपैकी एकातून अमेरिकेला नेल्या. नवे सरकार आल्यावर हे हॅमस्टर अमेरिकेच्या जंतुयुद्धासाठी दिले, असा आरोप डॉ. हू यांच्यावर आला आणि त्यांना कैद भोगावी लागली. वीस उंदरांसाठी एक माणूस तुरुंगात गेला.

त्या वंशातल्या एका मादीच्या अंडाशयाचा तुकडा घेऊन १९५७ साली डेन्व्हर इथे थिओडोर पक यांनी पेशी वाढवल्या. त्या मरेचनात. आजही जगभरच्या कारखान्यांत त्याच पेशींची पिढी वाढते आहे. १९८० मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गेल उरलॉब आणि लॉरेन्स शेसिन यांनी त्यांचा एक असा प्रकार तयार केला, ज्यात एक आवश्यक जनुक नाही. त्या पेशीला ते जनुक आणि आपल्याला हवे ते जनुक एकत्र बांधून द्यायचे आणि मग मेथोट्रेक्सेट हे विषारी औषध थोडे थोडे वाढवत न्यायचे. जी पेशी जनुकाच्या जास्त प्रती बनवेल तीच तगेल. तिच्याबरोबर आपल्या जनुकाच्या प्रतीही वाढतील. टंचाईत माणूस जसा जास्त राबतो, तशी ती पेशी राबते.

१९८९ मध्ये सेंट लुइसच्या अर्व्हिंग बॉइम यांच्या प्रयोगशाळेने या हॅमस्टर पेशींकडून माणसाचा, काम करणारा एफएसएच बनवून घेतल्याचे प्रसिद्ध केले. सेरोनो आणि ऑर्गनॉन या दोन कंपन्यांची शर्यत आधीच लागलेली होती. बारीक मण्यांवर पेशी वाढवायच्या, त्यांच्याभोवतीचा पोषक द्रव खेळता ठेवायचा, पेशी त्यात जो हार्मोन सोडतील तो गाळून शुद्ध करायचा. पेशी मारायची नाही, हॅमस्टर तर नाहीच. १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लोझान आणि ब्रसेल्स अशा दोन ठिकाणांहून या औषधाने राहिलेल्या गर्भांच्या बातम्या आल्या. सेरोनोचे गोनाल-एफ १९९५ ला युरोपात मंजूर झाले, ऑर्गनॉनचे प्युरेगॉन त्याच्या पुढच्या वर्षी. औषध इतके शुद्ध की पुढे उंदरीणीचे अंडाशय मोजणे सोडून ते सरळ वजनावर भरू लागले. ७५ युनिट म्हणजे ५.५ मायक्रोग्रॅम. मिठाचा एक कण याहून जड असतो. आणि ते त्वचेखाली, पेनाने, घरच्या घरी घेता येते. तालुक्याची फेरी वाचली.

आता एक गोष्ट जाहिरातीत सापडत नाही म्हणून लिहितो. नव्या औषधाने मुले जास्त होतात का? २०११ साली कॉक्रेनच्या अभ्यासकांनी ४२ चाचण्या आणि ९,६०६ जोडपी एकत्र तपासली. लघवीतून काढलेले आणि पेशीतून बनवलेले यांच्यात बाळ जन्मण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. अंडाशयाला हाक कुणी मारली याच्याशी त्याला देणेघेणे नाही. फायदा आहे तो दुसरीकडे. पुरवठा आटत नाही, प्रत्येक कुपी सारखी निघते, आणि कुणा अनोळखी शरीरातला रोग सोबत येण्याची धास्ती नाही. ही धास्ती खरी होती. २००३ मध्ये इटलीतल्या लघवीपासून बनलेले एक औषध ब्रिटनने खबरदारी म्हणून काढून घेतले, कारण इटलीत ‘मॅड काऊ’शी संबंधित मेंदूरोगाचा रुग्ण सापडला होता. त्या औषधाने कुणाला बाधा झाल्याचे दिसले नव्हते, पण ऑस्ट्रेलियाची आठवण ताजी होती.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. मी मुफ्ती नाही. इतिहास सांगू शकतो. २३ मार्च १९८० रोजी इजिप्तचे तेव्हाचे मुख्य मुफ्ती शेख जाद अल-हक यांनी फतवा दिला की, पती-पत्नीचेच बीज असेल आणि तिसरे कुणी मध्ये नसेल तर टेस्ट ट्यूबचा उपचार जायज आहे. व्हॅटिकनने मात्र १९८७ मध्ये याच उपचाराला विरोध करणारी अधिकृत भूमिका जाहीर केली. ज्या ननांमुळे हे औषध उभे राहिले, त्यांच्याच धर्मपीठाने! अशुद्ध वस्तूचे रूप पुरते पालटले तर तिचा हुकूमही पालटतो का, दारूचा सिरका झाला तर काय, हा वाद आपल्या फिकहच्या पुस्तकांत फार जुना आहे आणि लघवीच्या औषधावर तो लागू होईल. पेनातल्या औषधात तर उंदराचे मांस नाही की रक्त नाही. त्या पेशीने माणसाच्या जनुकावरून माणसाचाच हार्मोन बनवलेला आहे. भाचीला फोनवर हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "मामू, हे अम्मीला तुम्हीच सांगा." सांगितले. त्यांनी मोहल्ल्यातल्या मौलानांनाही विचारले. ते म्हणाले, दवा आहे, घेऊ द्या.

पैशाचा प्रश्न मौलानांच्या हातातला नव्हता. डॉक्टरांनी तिला दोन पर्याय दिले होते: लघवीतून काढलेली स्वस्त कुपी, जी आजही आपल्या बाजारात मिळते, किंवा महागडे पेन. तिने पेन घेतले, कारण रोज सुई टोचायला दवाखान्यात गेले की गल्लीभर कळते. त्यासाठी बांगड्या मोडल्या. हे औषध आता भारतीय कंपन्याही बनवतात, ठाण्याजवळ अंबरनाथला कारखाना असलेली भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स त्यांतलीच एक. तरी एका फेरीला लागणारे औषध सोलापूरच्या रिक्षावाल्याच्या बायकोच्या आवाक्यात आलेले नाही. सरकारी रुग्णालयांत हा उपचार फार थोड्या ठिकाणी आहे.

ननांनी त्यांचा हिस्सा फुकट दिला होता. डच बायकांनीही. हॅमस्टरची तर कुणी परवानगीही घेतली नाही. बिल मात्र पेनाच्या खोक्यात येते आणि ते भाचीने कपाटात कागदांच्या खाली ठेवले आहे, नवऱ्याच्या भावांना दिसू नये म्हणून.